आंबापोळीवर दरवर्षी सुरकुत्या येतात? आधी सुरकुती वाचा, मग आंब्याला दोष द्या

मे महिन्यातली तक्रार ठरलेली असते. "रस चांगला होता, साखर बेताची होती, ऊन कडक होतं, तरी पोळी गुळगुळीत झाली नाही." मग कोणी आंब्याला बोल लावतं, कोणी बागेतल्या फवारणीला, कोणी ढगाळ हवेला. वाडीतल्या बायका ताटं घेऊन माझ्या पडवीत येतात. बघायला बसलं की बहुतेक वेळा आंब्याचा काही संबंध नाही, असंच निघतं. सुरकुती कुठे आली, दिवसाच्या कोणत्या वेळी आली आणि दोन सुरकुत्यांमध्ये अंतर किती, या तीन गोष्टी नीट पाहिल्या तर निम्मं काम तिथेच होतं. फणसपोळीलाही हेच लागू; बरक्या फणसाचा गर जास्त बुळबुळीत असतो, म्हणून तिथे सगळं जरा सावकाश घ्यावं लागतं, एवढंच.

एक आधीच सांगते. नीट वाळलेली पोळी सुरकुतलेली असली तरी खायला वाईट नसते. घरापुरती केली असेल आणि चव लागली असेल, तर उगाच डोकं शिणवू नका. विकायची असेल तेव्हा मात्र प्रश्न खरा. घडीच्या आत ओलावा अडकून राहतो आणि बुरशी धरायला सुरुवात तिथूनच होते. शिवाय तुकडे एका जाडीचे पडत नाहीत, वजन कमीजास्त होतं, आणि दुकानदार भाव पाडायला टपलेलाच असतो.

लक्षणं

ताट सावलीत आणा. मोबाईलची बॅटरी लावून ती ताटाच्या कडेला जवळजवळ आडवी धरा. उजेड तिरपा पडला की सुरकुत्यांच्या सावल्या पडतात आणि वरून न दिसणारंही दिसतं. शेजारी पट्टी ठेवून एक फोटो काढून ठेवा. संध्याकाळी आणि दुसऱ्या सकाळी पुन्हा काढा. मग खालच्यापैकी काय जुळतं ते बघा.

ताटाच्या एकाच टोकाला जाड, एकमेकींना समांतर सुरकुत्या गोळा झाल्यात आणि दुसऱ्या टोकाला पोळी पातळ, ताणलेली आहे: ताट कलंडलं आहे.

संध्याकाळी सपाट होती, सकाळी सगळ्या अंगभर बारीक नागमोडी सुरकुत्या, हाताला चिकट. दुपारपर्यंत बऱ्याचशा मावळतात: रात्रीच्या हवेचं काम.

दुपारी दोन-तीनच्या सुमाराला रुंद सुरकुत्या, कडा ताटापासून सुटलेल्या, कडेजवळच्या सुरकुत्या कडेशी काटकोन करून आत जाणाऱ्या; बोटाने दाबलं तर साल हलते आणि खाली ओलं लागतं: वरची साल वेळेआधी धरली.

पहिला थर छान होता, दुसरा ओतल्यावर तासाभरात सुरीने चिरल्यासारख्या बारीक, खोल फटी पडल्या: खालचा थर पाणी पिऊन फुगला.

ताटात सगळं ठीक, पण गुंडाळताना किंवा घडी घालताना आतल्या बाजूला चुण्या पडतात, थर सुटे होतात: थर एकमेकांना धरलेच नव्हते, किंवा पोळी जास्त वाळली.

दोन-तीन लक्षणं एकत्रही दिसतात. तेव्हा सगळ्यांत आधी आलेलं लक्षण धरा, बाकीची बरेचदा त्याच्यामागून आलेली असतात.

सुरकुती पडते तरी का

हे समजलं की खालच्या तपासण्या पाठ कराव्या लागत नाहीत, म्हणून थोडं सविस्तर सांगते.

ताटात ओतलेला रस एकजिनसी असतो. वाळताना तो तसा राहत नाही. दुधावर साय धरावी तशी वर साल धरते, खाली गर मऊच असतो. म्हणजे एकाच पोळीत दोन थर झाले: वरचा पातळ आणि ताठ, खालचा जाड आणि मऊ, आणि दोन्ही एकमेकांना चिकटलेले. आता त्या सालीला आडवा दाब मिळाला की तिला जागा अपुरी पडते. दाब येण्याचे मार्ग वेगवेगळे आहेत. खालचा गर आकसतो आणि ताठ साल तेवढी आकसत नाही, हा एक. साल स्वतः ओलावा पिऊन पसरू पाहते आणि खालचा थर तिला पसरू देत नाही, हा दुसरा. ताट कलंडलं आणि खालचा ओला गर सालीला घेऊन एका बाजूला सरकला, हा तिसरा. तिन्हींत सालीची अवस्था एकच: लांबी जास्त, जागा कमी.

पातळ वस्तूला दबून आखूड होण्यापेक्षा वाकणं सोपं जातं, म्हणून साल लाटा करते. एकच मोठी लाट करायची तर खालचा मऊ गर खोलपर्यंत ओढावा लागतो, ते महाग पडतं. अगदी बारीक लाटा करायच्या तर सालीला स्वतःला फार वाकावं लागतं, तेही महाग. या दोन खर्चांच्या मधे कुठेतरी सौदा पटतो आणि लाटांमधलं अंतर ठरतं. हे अंतर सालीच्या जाडीच्या सरळ प्रमाणात वाढतं. साल खालच्या थरापेक्षा किती पट ताठ आहे, त्याचा परिणाम मात्र घनमुळाने, म्हणजे सौम्यपणे होतो. साल शंभर पट ताठ असली तर अंतर सालीच्या जाडीच्या साधारण वीस पट येतं. हजार पट ताठ असली तर चाळीस-पंचेचाळीस पट. हा हिशेब खालचा मऊ थर खूप खोल आहे असं धरून केलेला आहे. पोळीत थर उथळ, त्यामुळे प्रत्यक्ष अंतर त्याहून कमी भरतं. पण अंदाजाला पुरतं: सुरकुत्या दाट आणि बारीक दिसल्या तर साल नुकतीच धरलेली, पातळ आहे, रुंद दिसल्या तर जाड झाली आहे, तुम्हाला उशीर झाला आहे.

दुसरा आकडा जास्त कामाचा. शंभर पट ताठ सालीला सुरकुती पडायला अडीच टक्क्यांच्या आसपास आकसणं पुरतं. साठ सेंटिमीटरच्या ताटात हे जेमतेम दीड सेंटिमीटर. साल हजार पट ताठ झाली तर अर्धा टक्काच, म्हणजे साठ सेंटिमीटरला तीन मिलिमीटर. थोडक्यात, साल जितकी ताठ तितक्या थोड्या आकसण्याने ती सुरकुतते. आकसणं तर आपण थांबवू शकत नाही. रस वाळायचा म्हणजे पाणी जाणारच. आपल्या हातात आहे तो साल आणि गर यांच्यातला फरक. तो कमी ठेवायचा, बस. खालच्या बहुतेक युक्त्या फिरून याच एका गोष्टीवर येतात.

हे माझ्या मनाचं नाही. १९९८ साली हार्वर्डमधल्या जॉर्ज व्हाइटसाइड्स यांच्या गटाने तापवलेल्या सिलिकॉन रबरावर धातूचा अतिशय पातळ थर चढवला आणि तो थंड होऊ दिला. रबर धातूपेक्षा जास्त आकसलं आणि धातूवर नियमित लाटा उमटल्या. मोकळ्या सपाट जागी लाटा वाटेल तशा नागमोडी गेल्या. जिथे पायरी किंवा कडा होती तिथे मात्र त्या कडेला काटकोनात उभ्या राहिल्या. कडेच्या दिशेने दाब सुटून जातो, कडेला समांतर असलेला दाब तेवढा उरतो, म्हणून असं होतं. पोळीची सुटलेली कडा हेच करते. त्यामुळे सुरकुत्यांची दिशा बघून दाब कुठून आला ते सांगता येतं.

तपासण्या, फुकटातल्या आधी

*ताट उचलता कसं?* सगळ्यांत सोपी गोष्ट, आणि सगळ्यांत दुर्लक्षित. संध्याकाळी खळ्यातून माजघरात ताटं नेताना एका हाताने धरून, दारातून तिरकी करून नेली जातात. वरून साल धरलेली, आतून रस अजून वाहता. ताट कलतं तसा आतला रस खालच्या टोकाला जातो आणि सालीला सोबत ओढतो. एका टोकाच्या समांतर सुरकुत्या या याच. पहिल्या दिवशी ताट हलवायचंच नाही अशी सोय करा. वाळवणाचा मांडव पडवीला लागून घातला तर रात्री ताटं न हलवता वरून झाकता येतात. हलवायचंच असेल तर दोघांनी, दोन्ही बाजूंनी, पाण्याने भरलेली परात नेतो तसं सपाट न्या.

*रात्री झाकता का?* कोकणात दिवसभर ऊन कितीही कडक असो, सूर्य बुडाला की हवेतला ओलावा अंगाला जाणवतो. आंब्यातली साखर, विशेषतः फ्रुक्टोज, हवेतलं पाणी पटकन ओढते. दिवसभर वाळलेली साल रात्री ओली होते, पसरायला बघते, आणि खालचा थर धरून ठेवतो. सकाळच्या बारीक सुरकुत्यांचं कारण एवढंच. उन्हं कलली, अंगणातल्या दगडाची ऊब असतानाच ताटं आत घ्या किंवा झाका. झाकायला आधी स्वच्छ सुती कापड, त्यावर प्लास्टिक. प्लास्टिक थेट लावलं तर आतून घाम धरतो आणि थेंब पोळीवर पडतात. कापड पोळीला टेकू नये म्हणून ताटाच्या कडेवर दोन-तीन बांबूच्या कांब्या आडव्या टाका. सकाळी घाई नको, दव पूर्ण गेल्यावर उघडा. हे केल्यावर सुरकुत्या गेल्या तर पुढचं वाचायचीही गरज नाही. मला तर वाटतं निम्म्या घरांचा प्रश्न इथेच सुटतो.

*थर किती जाड?* "बोटभर" हे माप मला मान्य नाही, बोटं सगळ्यांची वेगळी. रस वजनावर ओता. ६० बाय ४० सेंटिमीटरच्या ताटात ३ मिलिमीटरचा थर हवा असेल तर रस लागतो साधारण ७७५ ग्रॅम, म्हणजे पाऊण किलोच्या जरा वर. ताटाची लांबी-रुंदी सेंटिमीटरमध्ये गुणा, त्याला ०.३ ने गुणा, आणि त्यात सात-आठ टक्के वाढवा, कारण रस पाण्यापेक्षा थोडा जड असतो. खात्री करायला झाडूतली एक हीर घ्या, धुवा, तिच्यावर ३ आणि ४ मिलिमीटरच्या खुणा करा आणि ताटात पाच ठिकाणी बुडवून बघा. थर जाड असला की वरून साल धरते तेव्हा खाली बराच रस ओला असतो. तो पुढे आकसत राहतो आणि भरडली जाते साल. पातळ थरात साल आणि तळ यांच्यात तेवढं अंतरच पडत नाही. एकदाच जाड ओतून वेळ वाचवू बघणाऱ्यांची पोळी हमखास सुरकुतते.

*ताट सपाट आहे का?* आपल्याकडची अंगणं आणि गच्च्या पावसाचं पाणी निघून जावं म्हणून मुद्दाम उताराच्या केलेल्या असतात. त्यावर ताट ठेवलं तर एका बाजूला २ आणि दुसऱ्या बाजूला ५ मिलिमीटर रस होतो. पातळ बाजू आधी वाळते, जाड बाजू मागे राहते, आणि मधल्या पट्ट्यात सुरकुत्या. ताटात वाटीभर पाणी ओतून बघा कुठे धावतं ते, आणि खाली लाकडाच्या चकत्या सरकवा.

*पहिले तीन-चार तास.* इथे माझं मत लोकांना पटत नाही, तरी सांगते: पहिल्या दिवशी कडक ऊन पोळीचं भलं करत नाही. सकाळी दहाला ताट उघडं ठेवलं, अकरा-बाराला समुद्रावरचा वारा सुटला, की वरचं पाणी झपाट्याने जातं आणि आतलं वर यायला मागे पडतं. दोन वाजता साल कडक, आत रस. पुढे साल पाणी अडवते, वाळायचा वेळही वाढतो. उलट पहिले तीन-चार तास ताटावर पातळ पांढरी मलमल उंचावर ताणली, तर ऊन आणि वारा दोन्ही बेताचे लागतात, साल हळू धरते आणि मऊ राहते. माश्या, धूळ आणि कावळे यांचाही बंदोबस्त होतो. दुपारी हात लावून बघा: बोटाला रस लागत नाही, पण दाबलं तर ठसा पडतो, अशी अवस्था आली की मलमल काढा. त्यानंतर कितीही ऊन चालेल.

ताट उंचावर, मांडवावर असलं तर खालूनही हवा खेळते. जांभ्यावर किंवा सिमेंटवर ठेवलं तर तळ तापतो, तेही वाईट नाही. तळाकडून ऊब मिळाली तर आतलं पाणी वर यायला मदतच होते. फक्त संध्याकाळी दगड निवायच्या आत उचला.

*तुपाचा हात.* ताटाला तूप कमी लागलं तर पोळी चिकटते, जास्त लागलं तर लवकर सुटते. पण सगळ्यांत वाईट म्हणजे कुठे जास्त, कुठे कमी. जिथे सुटली तिथे पोळी मोकळेपणी आकसते, जिथे चिकटली तिथे नाही, आणि दोहोंच्या सीमेवर चुण्या पडतात. तूप पातळ करून कापडाच्या बोळ्याने पुसा, मग कोरड्या बोळ्याने पुन्हा एकदा पुसा. चकाकी दिसावी, ओघळ दिसू नये. पोळी पहिल्या दिवशी कडेने सुटत असेल तर कडेला दोन बोटं जागा तुपाविना सोडून बघा. शेवटी सुरी फिरवून सोडवावी लागेल, पण आकसणं जागच्या जागी राहील. ताटाला धरून राहिलेली पोळी फक्त जाडीत कमी होते, आडवी आकसत नाही, आणि आडवं आकसणं नाही तर त्यातून येणारी सुरकुतीही नाही.

दुसरा थर ओतताना

इथे वेगळाच प्रकार होतो, म्हणून वेगळं लिहिते. लोक खालचा थर पूर्ण वाळण्याची वाट बघतात आणि मग त्यावर पातळ रस ओततात. कोरडा थर रसातलं पाणी शोषतो. वरचा भाग फुगतो, पसरायला जागा नसते, कारण खालचा भाग कोरडा आणि ताटाला धरलेला. मग तो आत मुडपतो. याला लाट म्हणत नाहीत, ही घडी: वर बारीक रेघ, आत खोल फट. अशी घडी पडायला वेगळी साल लागत नाही. मऊ, रबरासारखा एकसंध पदार्थ साधारण ३५ टक्के दाबला गेला की पृष्ठभाग आपोआप आत दुमडतो. फुगणाऱ्या जेलवर अशाच नक्ष्या उमटतात, आणि तोयोइची तनाका यांनी १९८७ साली त्यांचा अभ्यास मांडला होता. आंब्यात पेक्टिन असतं, जॅम घट्ट धरतो तो याच घटकामुळे, म्हणजे वाळलेली पोळी हीसुद्धा एक जेलच.

उपाय दोन. एक म्हणजे वेळ: खालचा थर चिकट असतानाच, बोटाला धरतो पण रस लागत नाही अशा वेळी पुढचा थर ओता. दोन म्हणजे रस: पुढच्या थरांसाठी रस आटवून घट्ट करा आणि निम्म्या जाडीचा ओता, दीड ते दोन मिलिमीटर. मी तर ओतण्याआधी त्याच रसाचा एक पातळ हात कापडाने फिरवते, दहा-पंधरा मिनिटं थांबते आणि मग ओतते. त्याने वरचा भाग हळूहळू ओला होतो आणि थरही एकमेकांना धरतात. खालचा थर तळाशी अजून ओला असताना मात्र काही केल्या ओतू नका. ते पाणी मध्ये कोंडलं की सुरकुती हा त्या पोळीचा सगळ्यांत लहान प्रश्न उरतो.

गुंडाळताना चुण्या पडतात त्याचं मूळही बहुधा इथेच. पोळी वाकवली की बाहेरची बाजू ताणली जाते, आतली दाबली जाते. थर धरलेले असतील तर दाब सगळ्या जाडीत वाटला जातो. सुटे असतील तर आतला पातळ थर एकटाच दबतो आणि उचलून येतो. तपासायला एक पट्टी कापा आणि कडेने नखाने सोलून बघा. थर सहज सुटले तर दोष ओतण्यात आहे. सुटले नाहीत आणि तरी चुण्या पडतात, तर पोळी जास्त वाळली आहे. रात्री झाकलेल्या डब्यात ठेवून सकाळी गुंडाळा, किंवा गुंडाळण्याचा नाद सोडून सपाट तुकडे करा. गुंडाळताना आत बटर पेपर घातला तर वाकही जरा मोठा राहतो.

रसाकडे वळायचं ते आता

इथवर सगळं बरोबर आणि तरी सुरकुत्या, तर रस बघा. रायवळ आंब्याचा रस पातळ आणि रेषेदार, हापूसचा घट्ट. पातळ रसात पाणी जास्त, म्हणून आकसणंही जास्त. हिशेब सोपा आहे: एक किलो रसात १६० ग्रॅम घन भाग धरा, त्यात १०० ग्रॅम साखर घातली तर २६० ग्रॅम. पोळीत शेवटी १८ टक्के ओलावा ठेवला तर वजन भरेल सुमारे ३१७ ग्रॅम. म्हणजे ११०० ग्रॅमचे ३१७, सत्तर-एकाहत्तर टक्के वजन ताटात उडून जातं. तोच रस आधी मंद आचेवर ८०० ग्रॅमपर्यंत आटवला तर ३०० ग्रॅम पाणी ताटात यायच्या आधीच गेलं, आणि सालीखाली आकसणारं तेवढं कमी झालं. आटवताना सतत हलवा, खाली लागला तर करपट वास शेवटपर्यंत जात नाही. उकळीजवळ पाच मिनिटं राहिला की रस काळवंडवणारे घटकही निकामी होतात.

गाळणंही महत्त्वाचं. रेषा आणि हवेचे बुडबुडे यांच्याभोवती सुरकुत्या तिथल्या तिथे जमतात. रस गाळून तासभर ठेवा, वर आलेला फेस काढा. मिक्सरवर फिरवलेल्या रसात फेस फार होतो, त्याला जास्त वेळ द्या. साखर वाढवून पोळी मऊ ठेवायची युक्ती सर्रास केली जाते. साल मऊ राहते हे खरं, पण रात्री ओलावाही जास्त ओढते, आणि झाकण्यात कसूर झाली की पहिल्यापेक्षा वाईट.

ड्रायर वापरणाऱ्यांसाठी

ड्रायरमध्ये दव नाही, कावळे नाहीत, पण साल लवकर धरण्याचा रोग जास्त. पंख्याजवळच्या ट्रेवर सुरकुत्या आणि लांबच्यांवर नाहीत, असं दिसलं तर दोष वाऱ्याचा. आधी ट्रेच्या जागा दर दोन तासांनी बदला; फुकटात निदान होतं. मग तापमान. सुरुवातीचे दोन तास ४५ ते ५० अंशांवर, नंतर ६० पर्यंत. "काकू, थेट ६५ लावलं तर एका दिवसात होईल ना?" असं विचारणारे भेटतात. होईल, वरून. खाली काय आहे ते पंधरा दिवसांनी कळेल. बाहेर जाणारी हवा पहिल्या टप्प्यात अर्धी अडवली तर आतला ओलावा थोडा जास्त राहतो आणि साल सावकाश धरते. हवा बाहेर सोडायची झडप बहुतेक यंत्रांत असते, लोक ती कायम पूर्ण उघडी ठेवतात.

यापुढे पंख्याचा वेग बदलणं, हवा वळवायला आत पत्रे बसवणं ही कामं येतात, आणि इथे हात आखडता घ्या. हीटर, थर्मोस्टॅट आणि पंखा यांना हात लावायचा तर इलेक्ट्रिशियनच बोलवा. समुद्राजवळच्या खाऱ्या हवेने तारांची टोकं गंजलेली असतात, पत्रा अंगाला करंट देतो. यंत्र ज्याने बनवलं त्यालाच पत्र्यांचं काम सांगा.

कधी थांबायचं

सुरकुतीच्या आत पांढरा, हिरवा किंवा काळा ठिपका दिसला, आंबूस किंवा दारूसारखा वास आला, किंवा पोळी खालून फुगून बुडबुडे आले, तर पुढची तपासणी नाही. ती पोळी टाका. खरवडून, पुन्हा उन्हात घालून, तुकडे करून साखरेत घोळवून काही होत नाही. बुरशी दिसते त्याहून आत गेलेली असते.

टिकवण्यासाठी पोटॅशियम मेटाबायसल्फाइट ही पूड घालत असाल तर चिमटीने घालू नका. त्याची मर्यादा ठरलेली आहे, जास्त झालं तर घशाला लागतं आणि दम्याच्या माणसाला त्रास होऊ शकतो. प्रमाण माहितगाराकडून लिहून घ्या आणि ग्रॅमच्या काट्यावर मोजा.

सगळ्या तपासण्या केल्या, दोन वेगवेगळ्या रसांवर केल्या, आणि सुरकुती त्याच जागी येतेच आहे. किंवा सुरकुती नाही पण डब्यातली पोळी महिनाभरात चिकट होते आहे, तर नमुना घेऊन तज्ज्ञांकडे जा. दापोलीचं डॉ. बाळासाहेब सावंत कोकण कृषी विद्यापीठ आहे, आपापल्या जिल्ह्यातलं कृषी विज्ञान केंद्र आहे. अन्न तपासणाऱ्या प्रयोगशाळेत ओलाव्याबरोबर 'वॉटर ॲक्टिव्हिटी' मोजून मागा. बुरशीला प्रत्यक्ष वापरता येईल असं पाणी किती आहे हे तो आकडा सांगतो, आणि ०.६ च्या खाली बुरशी किंवा यीस्ट वाढत नाही. नुसत्या ओलाव्याच्या टक्क्यांवरून हे कळत नाही, कारण साखर जास्त असलेली पोळी तेवढ्याच ओलाव्यात जास्त टिकते. विकणार असाल तर एफएसएसएआयची नोंदणी किंवा परवाना लागतोच, तेव्हा हा अहवाल तिथेही उपयोगी पडतो.

नमुना नेताना सपाट जागेचा एक तुकडा आणि सुरकुतीच्या जागेचा एक तुकडा वेगवेगळ्या पिशव्यांत बंद करून न्या, सोबत सकाळ-संध्याकाळचे ते फोटो, ताटाचं माप आणि ओतलेल्या रसाचं वजन. मिरगाच्या आधी न्या. पाऊस लागला की आगोटीच्या गडबडीत तुम्हालाही वेळ नसतो, आणि तोवर पोळीनेही हवेतलं पाणी ओढलेलं असतं, मग अहवाल पोळीपेक्षा हवेचाच येतो.